इंजिनात जाणारी हवा आणि गाडीला अडवणारी हवा

पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्या वस्तूंमध्ये दोन वस्तू हमखास असतात. एक कोल्ड एअर इनटेक, म्हणजे जाडजूड पाइप आणि त्याच्या टोकाला शंकूसारखा उघडा एअर फिल्टर. दुसरं, मागच्या हौद्यावर बसणारं झाकण. दोन्हींच्या जाहिरातीत दावा जवळपास एकच: हवेचा अडथळा कमी झाला की इंधन कमी लागतं. ऐकायला पटतं, म्हणूनच गल्लत होते. पहिल्या वस्तूचा संबंध इंजिनाच्या पोटात जाणाऱ्या हवेशी आहे, दुसरीचा गाडीच्या छाताडावर आदळणाऱ्या हवेशी. यातल्या एकाच हवेचा अडथळा कमी करून इंधन वाचतं.

आधी पोटातली हवा घेऊ. पेट्रोल इंजिनात एक्सलेटर दाबला की आपण पेट्रोल सोडतोय असं वाटतं. खरं तर आपण हवेच्या वाटेतली एक चकती उघडत असतो, तिला थ्रॉटल म्हणतात. किती हवा आत आली हे सेन्सर मोजतो आणि कॉम्प्युटर त्या मापाने पेट्रोल फवारतो. वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मागून तपासणी करत असतो, प्रमाण जरा हललं की लगेच दुरुस्ती होते. आता सपाट रस्त्यावर एका वेगाने गाडी चाललीय असं धरा. एवढ्या कामाला इंजिनाच्या ताकदीचा थोडाच वाटा लागतो, त्यामुळे चकती बरीचशी मिटलेली असते. हवेच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा तीच, आणि तो मुद्दाम ठेवलेला. नळ अर्धवट बंद ठेवून त्यामागची पाइप जाड केली तर बादली लवकर भरेल का? फिल्टर कितीही मोकळा बसवा, तेवढाच वेग ठेवायचा तर चकती आणखी थोडी मिटते आणि आत जाणारी हवा तेवढीच राहते. पेट्रोलही तेवढंच.

अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये हेच उलट्या बाजूने तपासलं. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवले आणि अ‍ॅव्हरेज मोजलं. त्यात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, पण पूर्ण रेस दिल्यावर वेग पकडायला गाडीला जास्त वेळ लागला. तुंबलेल्या फिल्टरने जिथे अ‍ॅव्हरेज पडत नाही, तिथे महागड्या फिल्टरने ते वाढेल कशाला? कार्ब्युरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळणाऱ्या, जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात कोंदट फिल्टर खरोखर इंधन खायचा. मिस्त्री मंडळींचा जुना सल्ला तिथून आलाय आणि त्या काळापुरता तो बरोबरही होता. डिझेलमध्ये हवा अशी चकतीने आवळून ताकद कमी-जास्त करत नाहीत, पण कंपनीचा फिल्टर स्वच्छ असेल तर तिथेही इनटेक बदलून फारसं काही हाती लागत नाही.

गंमत म्हणजे थंड हवा इथे उलटीच पडू शकते. थंड हवा दाट असते, म्हणून चकती आणखी मिटवावी लागते आणि हवा ओढून घ्यायला इंजिनाला थोडे जास्त कष्ट पडतात. पै-पैचं अ‍ॅव्हरेज काढणारे काही हौशी लोक म्हणूनच मुद्दाम कोमट हवा आत घेतात. इनटेकचा उपयोग होतो तो चकती पूर्ण उघडल्यावर, म्हणजे ओव्हरटेक करताना किंवा चढावर. ती ताकदीची वस्तू आहे. शिवाय तिचा घुमणारा आवाज ऐकला की पाय आपोआप जड होतो, हा तोटा खोक्यावर छापलेला नसतो.

आता बाहेरची हवा. इथे हिशेब वेगाच्या वर्गाने चालतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि तो रेटायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. एका मोठ्या पिकअपचा ढोबळ हिशेब मांडू: समोरून क्षेत्रफळ 3 चौरस मीटर, ड्रॅगचा गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडवतो याचं माप) 0.4, वजन 2200 किलो. ताशी 100 ला हवा सुमारे 550 न्यूटनने मागे ढकलते आणि टायरचं घर्षण सुमारे 215 ने. ताशी 40 ला टायरचा आकडा जवळपास तोच राहतो, हवेचा मात्र 90 च्या आसपास येतो. तेव्हा हायवेवर हवाच मुख्य शत्रू. गावात सारखं थांबा-निघा चालू असताना तिची फारशी पर्वा करायचं कारण नाही, तिथे वजन नडतं.

हौद्याबद्दल एक हट्टी समजूत आहे: मागचा फाळका खाली पाडला की हवा सरळ निघून जाते. पटतं, पण होतं उलटं. केबिनच्या छतावरून आलेली हवा बंद हौद्यावरून जाते तेव्हा आत हवेचा एक मोठा भोवरा गरगरत राहतो. तो जागीच अडकून असतो आणि वरची हवा त्याच्यावरून बरीचशी सुरळीत घसरून फाळक्यापलीकडे जाते. फाळका पाडला की ही घडी मोडते. म्हणून फाळका लावलेलाच बरा. झाकण भोवऱ्याची जागाच बुजवतं आणि विरोध साधारण काही टक्क्यांनी घटवतं. वरच्या गाडीत तो 5 टक्के घटला असं धरलं, तर हायवेवर इंधन 3 टक्क्यांच्या आसपास वाचेल. लिटरला 10 किलोमीटर देणारी गाडी 10.3 देईल. एवढंच, पण खरं. जड झाकण गावातल्या फेऱ्यांत यातलं थोडं परत घेतं, आणि सैल बांधलेली, फडफडणारी ताडपत्री म्हणजे झाकण नव्हे.

या दोन्ही हवांच्या नावावर आणखी बराच माल खपतो. आत जाणाऱ्या हवेला पीळ देणाऱ्या पंख्यासारख्या चकत्या, इंधनाच्या नळीला लावायची चुंबकं, गाडीतला बिघाड तपासायच्या सॉकेटमध्ये खोचून नुसते दिवे लुकलुकवणाऱ्या डब्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधनं तपासली. लक्षणीय फरक पाडणारं एकही सापडलं नाही.

माझं मत विचाराल तर काही बसवण्याआधी काय उतरवता येईल ते बघा. टपावरचा मोठा, बोथट तोंडाचा सामानाचा खोका ताशी 105 ते 120 च्या वेगाला अ‍ॅव्हरेज 10 ते 25 टक्के पाडतो, असा अमेरिकी सरकारचाच आकडा आहे. रिकामा खोका काढून ठेवायला एक पाना पुरतो, आणि त्याच्यापुढे झाकणाचे 3 टक्के किरकोळच. गाडी उंच करणारं किट म्हणजे पोटाखाली जास्त हवा घुसणं. ते लावून अ‍ॅव्हरेजची तक्रार करण्यात अर्थ नाही.

मोठे टायर आणखी एक घोळ करतात. चाकाचा घेर वाढला की ओडोमीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज आहे त्याहूनही वाईट दिसतं. इंजिन ट्यून केलं, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली असेल, तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावरही विसंबू नका. तो आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला असतो, आणि ट्यूनमध्ये नेमकी तीच गणितं बदललेली असू शकतात. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला थांबून टाकी भरा, अंतर जीपीएसवर मोजा आणि झाकण लावून व काढून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने बऱ्याच टाक्या चालवा. दोनतीन टक्क्यांचा फरक एका टाकीत कळत नाही. तेवढा तर वाऱ्याच्या दिशेनेही पडतो.