आधी टिकणारी, मग नासणारी : भारतातल्या रानअळंब्यांच्या नोंदीची पार्श्वभूमी

1771 साली सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या कार्ल लिनियसने एका अळंबीला ‘लायकोपर्डॉन पिस्टिलारे’ असे नाव दिले. नमुना भारतातून गेला होता. पाठवणारा योहान गेरहार्ड कोनिग लिनियसचाच शिष्य. कोरोमंडल किनाऱ्यावर त्रांकेबार, म्हणजे आजचे तरंगमबाडी, ही डॅनिश वसाहत होती. तिथे तो 1768 मध्ये वैद्य म्हणून आला होता. आज या अळंबीला ‘पोडॅक्सिस पिस्टिलारिस’ म्हणतात. कोरड्या माळावर, पुष्कळदा वारुळाजवळ, ती मिटलेल्या छत्रीसारखी उभी असते. पिकली की आत नुसती काळसर भुकटी उरते आणि देठ काडीसारखा कडक होतो. राजस्थानात ती कोवळी असताना ‘खुंबी’ म्हणून खातात.

हीच अळंबी इतक्या लवकर शास्त्राच्या वहीत चढली ती तिच्या चिवटपणामुळे. शिडाच्या जहाजातला महिनोन्‌महिन्यांचा प्रवास तिने सोसला. त्याच जहाजात वारुळावरची पांढरी मऊ अळंबी ठेवली असती, तर दुसऱ्या दिवशी तिच्यात अळ्या वळवळल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी डब्यात काळे पाणी उरले असते. पुढची दोनशे वर्षे भारतातल्या अळंब्यांची नोंद साधारण याच न्यायाने झाली. जी वाळून टिकते तिला आधी नाव मिळाले. जी संध्याकाळपर्यंत नासते तिचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. गंमत अशी, की माणसे खातात त्या बहुतेक दुसऱ्या प्रकारातल्या.

शास्त्रीय नोंद उशिरा झाली, म्हणून माहिती नव्हती असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत भाज्यांच्या वर्गात ‘उद्भिद’ म्हणून अळंब्या येतात, आणि त्यांची विभागणी कशावर उगवतात त्यावरून केलेली आहे : पेंढ्यावर, उसावर, शेणावर, वेळूवर आणि जमिनीवर. आजही रानात अळंबी ओळखायला बसलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही कशावर उगवली होती? मनुस्मृतीने लसूण आणि कांद्याच्या रांगेत ‘कवक’ बसवून द्विजांना ते वर्ज्य ठरवले. मनाई करावी लागली, म्हणजे कुणीतरी खात होतेच. तोच ‘कवक’ शब्द पुढे भारतीय शास्त्रज्ञांनी बुरशीसाठी उचलला, आणि 1973 मध्ये स्थापन झालेल्या मायकॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकाचे नावही ‘कवक’च आहे.

मराठीत या बाबतीत दोन टोके दिसतात. पांढरपेशा मराठीत जे काही छत्रीसारखे उगवते ती ‘कुत्र्याची छत्री’. शेकडो जातींना एकच तुच्छतेचे नाव. खाणाऱ्यांच्या बोलीत मात्र नावे नेमकी आहेत. गोव्यात ‘रोयण’ म्हणजे वारूळ, म्हणून त्यावरची ती रोयण अळमी. पूर्व विदर्भात टेकोडे आणि सात्या. कोकणात फणसाच्या खोडावर धरणारी कडक ‘फणसोंबा’ तर खायची नव्हेच. ती उगाळून मुलांच्या तोंडाच्या तक्रारींवर लावतात. ज्याला ज्याचा उपयोग, त्याच्याकडे त्याचे नाव.

नमुन्याबरोबर असे स्थानिक नावही टिपून घेणारा एक माणूस एकोणिसाव्या शतकात सापडतो : ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर. 1848 ते 1850 या काळात तो सिक्कीम आणि खासी टेकड्यांत फिरला तो मुख्यतः फुलझाडांसाठी, पण अळंब्याही गोळा करत गेला. त्याने केलेली हुशारीची गोष्ट म्हणजे अळंबी ताजी असतानाच तिचे चित्र काढणे आणि रंगांची टिपणे ठेवणे. वाळलेला नमुना आणि चित्र दोन्ही इंग्लंडला रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली यांच्याकडे गेले. हे खेड्यातले पाद्री. आयर्लंडच्या बटाट्यावरचा करपा बुरशीमुळेच येतो असे 1846 मध्ये ठामपणे मांडणाऱ्या मोजक्या लोकांपैकी ते एक. त्यांनी हूकरच्या साहित्यावरून भारतीय अळंब्यांच्या अनेक नव्या जाती प्रसिद्ध केल्या. त्यांतली एक ‘कॉर्टिनेरियस इमोडेन्सिस’. सिक्कीमचे भुतिया लोक तिला ‘ओंगलाऊ’ म्हणतात आणि भरपूर खातात, हे हूकरने लिहून ठेवले आहे. चित्र नसते तर बर्कलींच्या हातात एक तपकिरी, सुरकुतलेला तुकडा उरला असता.

1879 मध्ये बर्कलींनी आपला सगळा संग्रह लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाला दिला. त्याबरोबर हूकरच्या भारतीय अळंब्यांचे ‘टाइप’ नमुनेही तिथेच राहिले. टाइप म्हणजे ज्या नमुन्यावर एखाद्या जातीचे नाव कायमचे टांगलेले असते तो नमुना. नावाबद्दल वाद झाला की निवाडा त्यावरून होतो. म्हणजे सिक्कीमच्या अळंबीचा दाखला सिक्कीममध्ये नाही. तो पाहायचा तर लंडन गाठावे लागते किंवा तिथून मागवावा लागतो. आजही हिमालयातली अळंबी नवी आहे असे म्हणण्याआधी ती बर्कलींच्या नमुन्यांशी ताडून पाहावी लागते.

हूकरच्याच देखरेखीखाली 1872 ते 1897 मध्ये ब्रिटिश भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ तयार झाला. त्यात फक्त फुलझाडे आहेत. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया 1890 मध्ये निघाला, त्याचाही जीव सुरुवातीला झाडांतच. वनस्पती दाबून वाळवली तरी पाने आणि फुले ओळखू येतात. अळंबीचा रंग, वास, चव, तुटल्यावर गळणारे दूध हे सगळे वाळताना निघून जाते. त्यातून हंगाम पावसाळ्याचा, म्हणजे साहेबांचे दौरे बंद असण्याचा.

सरकारला बुरशीत खरा रस आला तो पिकांमुळे. 1901 मध्ये एडविन जॉन बटलर भारतात आले आणि पुढे बिहारमधल्या पुसा इथे साम्राज्याचे बुरशीतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केले. गव्हावरचा तांबेरा, ज्वारीवरची काणी, उसावरचे रोग हा त्यांचा विषय. ही रोगट पाने कागदात घडी घालून शंभर वर्षे राहतात. पुसाचा संग्रह वाढत गेला. 1934 च्या भूकंपानंतर तिथल्या कृषी संशोधन संस्थेबरोबर तोही दिल्लीला हलला. बटलर आणि बिस्बी यांची भारतातल्या बुरशींची यादी 1931 मध्ये आली. त्यात दोन हजारांहून अधिक जाती आहेत, पण भर पिकांना आणि झाडांना पोखरणाऱ्या सूक्ष्म बुरशीवर. रानातली छत्री कुणाच्या पिकाचे नुकसान करत नव्हती, म्हणून सरकारदरबारी तिला वाली नव्हता.

त्याच सुमारास कलकत्त्यात सहायराम बोस 1918 पासून बंगालमधल्या पॉलिपोरांवर, म्हणजे खोडावर फळीसारख्या वाढणाऱ्या कडक बुरशीवर, लिहीत होते. काम मोठे आहे यात शंका नाही. पण पुन्हा तेच : फळीसारखी बुरशी कपाटात ठेवली तरी फळीच राहते.

पश्चिम भारतात ही परंपरा श्रीपाद लक्ष्मण आजरेकरांपासून सांगितली जाते. ज्वारीवरच्या चिकट्याला कारण असलेल्या बुरशीवर त्यांनी 1926 मध्ये लिहिले. पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकाराने 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली, जिला 1992 पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तिथला बुरशीसंग्रह आजरेकरांच्याच नावाने आहे. आणि याच संस्थेत मऊ अळंब्यांची पाळी आली. ए. व्ही. साठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य भारतातल्या टोपीखाली पडदे असणाऱ्या अळंब्यांवर काम केले, आणि त्यांचा प्रबंध 1980 मध्ये विज्ञानवर्धिनीने छापला. मद्रासला के. नटराजन हेच काम दक्षिण भारतासाठी करत होते. पुढे केरळमधल्या संशोधकांनी ते आणखी खोलवर नेले.

इथे एक तारीख मुद्दाम सांगावीशी वाटते. वाळवी ज्या बुरशीची शेती करते त्या ‘टर्मिटोमायसेस’ या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, फ्रेंच शास्त्रज्ञ रोझे एम यांनी 1942 मध्ये नाव दिले. दक्षिण भारतात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या त्यातल्या एका जातीला शास्त्रीय नाव मिळाले 1979 मध्ये. नटराजन यांनी ते एम यांच्याच सन्मानार्थ ‘टर्मिटोमायसेस हाइमी’ असे ठेवले. लोकांच्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या असलेली वस्तू कागदावर आली तेव्हा माणूस चंद्रावर जाऊन दहा वर्षे झाली होती.

मऊ अळंबीची नोंद म्हणजे घड्याळाशी शर्यत असते. आधी जागेवरच फोटो आणि टिपण : कशावर उगवली, शेजारी कोणते झाड, एकटी की घोळक्याने. मग देठाच्या मुळाशी सुरी घालून अख्खी उकरायची, कारण विषारी ‘अमानिटा’ ओळखण्याची खूण असलेली पिशवी मातीतच असते आणि वरून खुडले की ती मागे राहते. तोडल्यावर रंग बदलतो का, दूध येते का, वास कशाचा, हे घरी पोचेपर्यंत थांबत नाही. मुक्कामी आल्यावर टोपी कागदावर उपडी घालून ठेवायची. रात्रभरात बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा उमटतो. पांढरा, गुलाबी, तपकिरी की काळा, यावरून निम्मी ओळख होते. बागेतल्या हिरवळीवर उगवणारी ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’ खाण्याजोग्या छत्रीसारखीच दिसते, पण तिचा ठसा हिरवट पडतो, आणि ती खाणारा रात्रभर ओकत बसतो. एवढे झाले की मंद उष्णतेवर वाळवण, मग पाकीट, क्रमांक, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची मोजमापे. एका दिवसात दहा-पंधरा नमुने नीट झाले तरी खूप. पावसाळ्यात ओले कपडे वाळत नाहीत, तिथे अळंबी वाळवायची!

यातले काहीच न करता नुसते नाव लावण्याची सवय मात्र जुनी आहे. ग्रंथ युरोपचे, म्हणून नावेही युरोपची. तांबडी, चकचकीत, खोडाच्या बुडाशी येणारी ‘गॅनोडर्मा’ दिसली की ‘ल्युसिडम’. सालवृक्षाखालची झारखंडात ‘रुगडा’ आणि बस्तरमध्ये ‘बोडा’ म्हणून विकली जाणारी गोळ्यासारखी अळंबी दिसली की ‘अ‍ॅस्ट्रियस हायग्रोमेट्रिकस’. दोन्ही नावे मुळात युरोपातल्या नमुन्यांची. 2012 मध्ये डीएनएचा ‘आयटीएस’ हा तुकडा बुरशी ओळखण्याचा सर्वमान्य बारकोड ठरला, आणि अशी बरीच उसनी नावे गळू लागली. चीनमधली औषधी ‘ल्युसिडम’ त्याच वर्षी वेगळी जात म्हणून वर्णन झाली. भारतातल्या जुन्या याद्यांतली किती नावे टिकतील, हे त्यांच्यामागे नमुना ठेवलेला आहे की नाही यावर ठरणार. नमुना नसलेली नोंद म्हणजे साक्षीदार नसलेला करार.

नाव देण्याचे नियमही बदलले. 2011 मध्ये मेलबर्नला झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्येच हवे ही अट गेली, आणि 2013 पासून बुरशीचे प्रत्येक नवे नाव आंतरराष्ट्रीय नोंदवहीत दाखल करणे बंधनकारक झाले. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचा नमुना देशातल्या ठरवून दिलेल्या संग्रहात ठेवण्याची सक्ती केली. दीडशे वर्षांपूर्वी हे असते तर लंडनच्या खेपा वाचल्या असत्या. बुरशी वनस्पती नाही हे सजीवांच्या पाच सृष्टींची मांडणी करणाऱ्या व्हिटेकरने 1969 मध्येच सांगितले. आपल्याकडे मात्र नव्या अळंबीची वर्दी अजून बोटॅनिकल सर्व्हेच्या नव्या ‘वनस्पती’च्या वार्षिक यादीत लागते.

भारतातल्या ज्ञात बुरशींचा आकडा 2005 च्या सुमारास 27,000 च्या वर सांगितला जात होता. त्यात तांबेऱ्यापासून भिंतीवरच्या बुरशीपर्यंत सगळे येते. डोळ्यांना दिसणारी अळंबी हा त्यातला लहान हिस्सा.

या सगळ्याचा अभ्यासकांच्या टेबलाबाहेर संबंध काय, ते आसामने दाखवले. एप्रिल 2022 मध्ये दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात रानअळंबी खाल्लेल्या 13 जणांचा काही दिवसांत मृत्यू झाला. बहुतेक चहामळ्यांतली माणसे. अमानिटातले अमाटॉक्सिन शिजवून जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक लागतात. मग थोडे बरे वाटते, आणि तोवर यकृत निकामी होत असते. चांदीचा चमचा काळा पडतो, किड्याने खाल्लेली चालते, लसणाचा रंग बदलतो, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. मळ्यांवरची ही कुटुंबे काही पिढ्यांपूर्वी छोटा नागपूरकडून आणलेल्या मजुरांची. सालवनातली ओळख नव्या मुलखातल्या अळंबीला लागू पडेलच असे नाही.

आणि कोनिगच्या त्या पहिल्या अळंबीचे काय झाले? ‘पोडॅक्सिस पिस्टिलारिस’ हे एकच नाव अडीचशे वर्षे राजस्थानपासून अरबस्तानापर्यंत आणि आफ्रिकेच्या वारुळांपर्यंत सरसकट लावले गेले. डीएनए तपासल्यावर दिसले, की ही एक जात नव्हे, वारुळावरच्या आणि वाळवंटातल्या वेगवेगळ्या वंशांचा तो घोळका आहे. नियमाप्रमाणे जुने नाव लिनियसकडे गेलेल्या भारतीय अळंबीच्याच वंशाकडे राहील. बाकीच्यांना नवी नावे शोधावी लागतील.