मळ्यातल्या वस्तीपर्यंत मदतीचे अ‍ॅप : पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत गावठाणापासून दूर, उसाच्या शेतांना लागून मळ्यांतल्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. बिबट्याचा वावर, सर्पदंशाची भीती आणि शेतीपंपांना रात्रपाळीत मिळणाऱ्या विजेमुळे अंधारात पाणी धरायला जावे लागणे, या सगळ्यामुळे स्मार्टफोनवरून मदत मागण्याचे अ‍ॅप गावाने स्वीकारावे का, हा प्रश्न तेथे अतिशय निकडीचा आहे.

गावाच्या सुरक्षेची जुनी व्यवस्था पोलीस पाटलाभोवती उभी होती. ब्रिटिश काळातील १८६७ च्या कायद्याची जागा १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने घेतली, तरी प्रत्यक्ष हाक पोहोचत होती ती दवंडी, देवळाची घंटा आणि पुढे भोंगा यांच्यामार्फतच. गावठाण सोडून कुटुंबे मळ्यांत राहायला गेली आणि ती हाक त्यांच्या घरांपर्यंत पोहोचेनाशी झाली.

दूरध्वनीवरच्या मदतीने खरा वेग घेतला तो गेल्या काही वर्षांत. २०१४ मध्ये राज्यात ९३७ रुग्णवाहिकांसह १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि अपघात किंवा बाळंतपणाच्या वेळी कोणता क्रमांक फिरवायचा हे वाड्यावस्त्यांवर ठाऊक झाले. दरम्यान डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर महिलांच्या सुरक्षेचा विचार राष्ट्रीय पातळीवर सुरू झाला होता. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सर्वांसाठी ११२ हा एकच क्रमांक असावा, अशी शिफारस २०१५ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी निघालेल्या नियमांनी साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरल्यास आणि स्मार्टफोनवर पॉवरची कळ लागोपाठ तीनदा दाबल्यास मदतीचा कॉल लागावा, अशी सोय बंधनकारक केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून ११२ ची सेवा सुरू झाली आणि २०२१ मध्ये ती महाराष्ट्रात आली. नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत कॉल घेतला जातो व तेथून तो त्या त्या जिल्ह्याच्या पोलीस वाहनाकडे वळवला जातो. स्मार्टफोनवरील अ‍ॅप हा याच व्यवस्थेचा भाग असून कॉलबरोबर फोनचे ठिकाणही केंद्राला मिळावे, हा त्याचा मुख्य हेतू आहे.

यापूर्वीच राज्यातील अनेक गावांनी दुसरी वाट धरली होती. ग्रामसुरक्षा यंत्रणा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत नोंदणी केलेला ग्रामस्थ एका टोल फ्री क्रमांकावर आपल्या आवाजात निरोप देतो आणि तोच निरोप गावातील सर्व नोंदणीकृत फोनांवर एकाच वेळी कॉलच्या रूपाने वाजतो. त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही शेजाऱ्याचा घाबरा आवाज ओळखू येतो.

सरकारी अ‍ॅप हाती आल्यावर वादाचा खरा मुद्दा येथे निर्माण झाला. एकच अधिकृत क्रमांक असताना गावाने दुसऱ्या व्यवस्थेवर वर्गणी कशाला खर्च करावी, शिवाय दोन व्यवस्थांमुळे ऐन वेळी गोंधळ होतो, असे एका बाजूचे म्हणणे असते, आणि ते सहज बाजूला सारण्यासारखे नाही. मळ्यातल्या घराला क्रमांक नसतो. ‘ओढ्यापलीकडची वस्ती’ हा पत्ता गावाला पुरेसा असला तरी दीडशे किलोमीटरवर बसलेल्या कर्मचाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. म्हणून फोनने स्वतःहून ठिकाण कळवणे हा अ‍ॅपचा मोठा गुण आहे. परंतु पोलीस ठाण्यापासून वस्तीपर्यंतचे अंतर अ‍ॅपने कमी होत नाही. विहिरीत पडलेल्याला दोर टाकणारा किंवा रात्री दार फोडले जात असताना बॅटरी घेऊन धावणारा माणूस शेजारच्याच मळ्यातला असतो, आणि तो निरोप त्याच्यापर्यंत गेला नाही तर सारी व्यवस्था अपुरी ठरते. अ‍ॅप आले म्हणून सामूहिक कॉल बंद करण्याचा निर्णय मला म्हणूनच चुकीचा वाटतो.

खुद्द अ‍ॅपच्या रचनेतही ही उणीव मान्य केलेली दिसते, कारण महिलांसाठी जवळच्या नोंदणीकृत स्वयंसेवकांना सावध करण्याची सोय त्यात ठेवली आहे. तथापि स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणारे लोक शहरात निघतील, पन्नास घरांच्या गावात मात्र तशी नोंदणी कोणी करवून घेतल्याशिवाय होत नाही. शिवाय अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो, तो बहुधा घरातील पुरुषाच्या खिशात असतो, आणि मळ्यात एकटी असलेली स्त्री साध्या फोनवरच अवलंबून असते. ही बाब चर्चेत फार उशिरा येते.

सामूहिक कॉलच्या बाजूनेही एक दोष वाढत गेला. ग्रामसभा, रेशन, पाणी सोडण्याची वेळ असे निरोप त्याच मार्गाने जाऊ लागले की संकटाच्या कॉलकडे काणाडोळा होण्याचा धोका वाढतो. रोजचे निरोप दिवसा ठरावीक वेळेतच पाठवायचे आणि रात्रीचा कॉल केवळ संकटासाठी राखायचा, एवढा नियम केला तरी हा धोका पुष्कळ कमी होतो.

युरोपात २०१६ पासून वेगळे अ‍ॅप न घेताही संकटकालीन कॉलबरोबर फोनचे ठिकाण आपोआप पाठवण्याची सोय येत गेली आणि मार्च २०२२ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनांना ती बंधनकारक झाली. ती सोय आपल्या वस्त्यांपर्यंत सर्वत्र पोहोचली, तर ठिकाण कळवण्यासाठी अ‍ॅपची गरज बरीच कमी होईल. गावाची यादी मात्र तेव्हाही लागेल. लग्न होऊन आलेल्या सुनांचे, हंगामापुरते आलेल्या ऊसतोड कामगारांचे आणि बदललेल्या सिमकार्डांचे क्रमांक त्या यादीत घालण्याचे काम नेमके कोणाचे, हे बहुतेक ठरावांत लिहिलेले नसते.