वाहन-उत्सर्जन व इंधनव्यय प्रतिमाने

रस्त्यावरील वाहतुकीत किती इंधन जळते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे, सूक्ष्मकण इ. किती बाहेर पडतात, याचा अंदाज करण्याच्या गणिती पद्धती. प्रदूषकांची सूची, सिग्नलची वेळआखणी व रस्तेप्रकल्पांचे मूल्यमापन यांत त्या वापरतात.

त्यांचा उगम बहुधा लॉस अँजेलिसच्या धुरक्याशी जोडला जातो. आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास त्याचा संबंध वाहनांच्या धुराशी लावला; अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे ‘मोबाइल’ हे प्रतिमान १९७८ मध्ये आले. इंधनव्ययाचा अभ्यास मात्र वाहतूक अभियंत्यांकडे वेगळाच वाढत होता. लिओनार्ड एव्हान्स, रॉबर्ट हर्मन प्रभृतींनी १९७०च्या दशकात शहरी वाहतुकीत दर किमी. इंधनव्यय प्रवासवेळेबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढतो, असे दाखविले. त्यामुळे एकाऐवजी दोन उगम मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

‘कोपर्ट’सारखी युरोपीय प्रतिमाने सरासरी वेगावर आधारलेली आहेत. दर किमी. उत्सर्जन रखडत्या गतीला जास्त, मध्यम वेगाला कमी आणि पुढे पुन्हा वाढते. पण संथ, एकसारखी चाल आणि थांबत-धावत केलेला प्रवास यांची सरासरी एकच असू शकते. हा दोष दूर करण्यासाठी वेग, त्वरण, चढ, चाकांचा रोध व हवेचा रोध यांवरून दर टनामागे लागणारी शक्ती काढतात. ‘वाहन विशिष्ट शक्ती’ ही संकल्पना होसे लुइस हिमेनेझ यांच्या एमआयटी (मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) या अमेरिकी संस्थेतील १९९९ च्या प्रबंधातील. मोटारगाडीसाठीच्या रूढ सूत्रानुसार सपाट रस्त्यावर ताशी ५० किमी. स्थिर वेगाला टनामागे सु. २·६ किलोवॉट लागतात. त्याच वेगाला १ मी./से.² त्वरण दिल्यास सु. १८. ‘मोबाइल’च्या जागी २०१० मध्ये आलेले ‘मूव्ह्ज’ याच संकल्पनेचा आधार घेते.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब त्यामानाने सोपा आहे: एक लिटर पेट्रोलमागे सु. २·३ किग्रॅ., डीझेलमागे सु. २·६ किग्रॅ. नायट्रोजनाची ऑक्साइडे मात्र ज्वलनाच्या तापमानावर आणि धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाच्या स्थितीवर ठरतात. इंधनाच्या आकड्यावरून ती काढता येत नाहीत. प्रयोगशाळेतील चाचण्यांवर किती विसंबावे हा वाद जुनाच होता. चाचणीपुरते उत्सर्जन कमी दाखविणारी आज्ञावली गाड्यांत बसविल्याचे २०१५ चे फोक्सवॅगन प्रकरण उघड झाल्यानंतर रस्त्यावरील मोजमापांना अधिक वजन आले.

‘सुमो’सारख्या वाहतूक-अनुकारकांना (संगणकावर एकेका वाहनाच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या आज्ञावलींना) ही प्रतिमाने जोडली जातात. अशा अनुकारकांतील पाठलाग-सूत्रे (पुढच्या वाहनामागे मागचे कसे चालेल हे ठरविणारी) मुख्यतः वेग व रांगा जुळविण्यासाठी बेतलेली असल्याने त्यांतील त्वरण वास्तवाशी जुळेलच असे नाही, आणि शक्तीवर आधारलेल्या प्रतिमानात नेमकी तीच चूक मोठी होते. थंड इंजिन सुरू होतानाचे उत्सर्जन बहुधा स्वतंत्र पद म्हणून मिळवितात.