मिग-21 बिसचं रडार सिममध्ये एवढं आंधळं का वाटतं? थोडी पार्श्वभूमी

डीसीएस या कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमधे (म्हणजे सिममधे) एफ-16 किंवा हॉर्नेटसारखं आधुनिक विमान उडवून झाल्यावर कोणी पहिल्यांदा मिग-21 बिस या जुन्या सोव्हिएत लढाऊ विमानात बसला की एक प्रश्न ठरलेला असतो, रडार बिघडलंय का? समोर विमान दिसतंय पण स्कोपवर (रडारच्या पडद्यावर) नुसता हिरवा चिखल, लॉक घेतला, म्हणजे रडार टार्गेटवर रोखून धरलं, तरी सुटतो आणि जरा खाली उतरलं की काहीच कळेनासं होतं. मग वाद सुरू होतो की हे मॉड्यूल, म्हणजे सिममधलं विमान, चुकीचं आहे की खरं विमानच असं होतं. याचं उत्तर हवं असेल तर विमान आणि सिम दोघांचाही इतिहास बघावा लागतो.

विमानापासून सुरुवात करू. सुरुवातीच्या मिग-21 एफ-13 ला शोधणारं रडार नव्हतंच, गनसाइटला अंतर सांगणारं एक छोटं यंत्र होतं बस. पुढे मिग-21 पीएफ आलं तेव्हा आरपी-21 रडार बसवलं, आणि ते बसवायला जागा कुठली, तर नाकातल्या हवा घेणाऱ्या तोंडाच्या मधोमध जो शंकू असतो त्याच्या आत! त्यासाठी शंकू मोठा केला, तोंड रुंद केलं, तरी अँटेना शेवटी लहानच राहिली. 70 च्या दशकात आलेल्या बिसमधे आरपी-22, म्हणजे सापफिर-21, पण जागा तीच. अँटेना लहान म्हणजे बीम (रडारच्या लहरींचा झोत) रुंद, आणि बीम रुंद म्हणजे जवळजवळ उडणारी दोन विमानं स्कोपवर एकच रेघ होऊन येतात. पॉवर वाढवून हे सुटत नाही, आणि रेंजसुद्धा पॉवरच्या चौथ्या मुळाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे पॉवर दुप्पट केली तर रेंज जेमतेम 19 टक्के वाढणार आणि रेंज दुप्पट हवी असेल तर पॉवर 16 पट. विमानाच्या नाकात कुठून आणणार एवढी?

खरा घोळ मात्र जमिनीचा आहे. आरपी-22 साधं पल्स रडार आहे, सिग्नल सोडायचा, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, झालं. परत आलेला सिग्नल विमानाचा की डोंगराचा हे त्याला ओळखता येत नाही आणि डोंगराचा सिग्नल कितीतरी तगडा असतो. शिवाय मुख्य बीम वर रोखलेला असला तरी अँटेनातून थोडी ऊर्जा बाजूने आणि खाली गळतेच, त्यामुळे तुम्ही 3 किलोमीटर उंचीवर असाल तर स्कोपवर 3 किलोमीटर अंतराला जमिनीचा पट्टा उमटतो. कॉकपिटमधे कमी उंचीसाठी एक स्विच दिलाय तो यासाठीच, तो अँटेना दीड डिग्री वर उचलतो. म्हणजे उपाय काय, तर जमिनीकडे बघायचंच नाही!

यावर इलाज डॉपलरचा. हलणाऱ्या टार्गेटवरून परतलेल्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलते, तो फरक पकडून जमीन गाळून टाकायची. अमेरिकन नेव्हीच्या एफ-4जे फँटममधे 60 च्या दशकातच पल्स डॉपलर आलं होतं, पण एअर फोर्सच्या एफ-4ई ला एपीक्यू-120 हे साधं पल्सवालंच मिळालं. तेव्हा नाव एकच असलं तरी रडारच्या बाबतीत ही दोन वेगळी विमानं धरावीत.

आता सिमकडे येऊ. 1991 चा फाल्कन 3.0, 1995 चा फ्लँकर, 1998 चा फाल्कन 4.0, हे सगळे त्या काळातल्या आधुनिक विमानांचे सिम. एफ-16 किंवा सुखोई-27 चं रडार खऱ्या आयुष्यातसुद्धा कच्चा सिग्नल पायलटला दाखवत नाही, कॉम्प्युटर तो गाळून स्वच्छ ठोकळा दाखवतो. त्यामुळे सिम बनवणाऱ्यांना सोपं गेलं, टार्गेट रडारच्या नजरेच्या टप्प्यात आहे का, अंतर किती, आकार केवढा, मधे डोंगर आहे का, सगळं जुळलं की ठोकळा काढा. त्या वेळच्या पीसीवर याहून जास्त झेपलंही नसतं आणि मला तरी यात काही गैर वाटत नाही.

पण हाच हिशेब जुन्या विमानाला लावला की सगळं फसतं. तुम्ही नुसती रेंज कमी करून ठेवली तर ते मिग-21 चं रडार होत नाही, कमी रेंजचं एफ-16 चं रडार होतं. जुन्या पायलटचं निम्मं कसब त्या चिखलातून रेघ ओळखण्यात होतं, ते काढून टाकलं तर अचूकता कसली? 2014 साली डीसीएसमधे मिग-21 बिस आलं तेव्हा स्कोपवर जमिनीचा क्लटर (जमिनीवरून परतलेल्या सिग्नलचा चिखल) दिसायला लागला आणि त्याच्याशी झगडायची सवय खूप जणांना तिथेच लागली. मे 2024 मधे हीटब्लर या कंपनीचं डीसीएससाठीचं एफ-4ई आलं, त्यात कच्चा स्कोप अजून पुढे नेला, उंचीची रेघ, जमिनीचा गोंधळ, सगळं मागच्या सीटवरच्याने स्वतः निस्तरायचं. माझ्या मते विंटेज जेटच्या रडारबाबत हा सगळ्यात मोठा टप्पा आहे.

आपल्याकडे या विषयात रस असणारे बरेच आहेत त्याचं कारण उघड आहे, बिस आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलमधे बनत होतं. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं तोवर हवाई दलात उरलं होतं ते बायसन, म्हणजे बिसचीच सुधारलेली आवृत्ती, त्यात कोपयो हे डॉपलर रडार. म्हणून बायसनच्या बातम्या वाचून सिममधल्या बिसकडून तीच अपेक्षा ठेवणं बरोबर नाही, दोघांचा सांगाडा एक असला तरी नाकात पूर्ण वेगळी पिढी आहे.

आणि एक गोष्ट वादात कायम सुटते. मिग-21 एकट्याने शिकार शोधायला बनवलंच नव्हतं. जमिनीवरचा कंट्रोलर मोठ्या रडारवर बघून पायलटला दिशा, उंची, वेग सांगायचा, सोव्हिएत हवाई संरक्षण दलात तर हे आकडे लाझूर डेटालिंकने थेट कॉकपिटमधे यायचे. विमानाचं रडार फक्त शेवटच्या काही किलोमीटरसाठी. बरोबरचं आर-3आर मिसाईलही आठ-एक किलोमीटरचं, तेही लागेपर्यंत लॉक धरून ठेवायचा. सिममधे ही जमिनीवरची बाजू नसेल तर आरपी-22 कितीही खरं बनवा, पायलट चाचपडतच राहणार. डीसीएसच्या ऑनलाइन कोल्ड वॉर सर्व्हरवर जिथे एखादा माणूस कंट्रोलर म्हणून बसतो तिथे हेच विमान एकदम कामाचं होतं. रडार स्टँडबायवर, कंट्रोलर म्हणेल तसं वळायचं, टार्गेटच्या थोडं खाली राहायचं म्हणजे बीम आकाशाकडे जातो, आणि 15 किलोमीटरच्या आसपास आल्यावर रडार ऑन. तेव्हा त्या स्कोपवर एकच स्वच्छ रेघ येते.