एका आकड्याने हुकली

मटका या आकड्यांच्या जुगारात सत्तेचाळीसची जोडी (दोन आकडे) लावलेल्या माणसाला ओपनला, म्हणजे पहिल्या आकड्याला, चौका आल्याचे कळते आणि रात्री क्लोजला, म्हणजे दुसऱ्या आकड्याला, सत्त्याऐवजी अठ्ठा येतो. हिशेबाने तो पूर्ण हरलेला असतो. पण घरी परतताना त्याच्या तोंडी ‘एका आकड्याने हुकली’ एवढेच असते आणि उद्याची जोडी वाटेतच ठरते. थोडक्यात हुकलेल्या डावाने मेंदूतील जिंकल्यावर उद्दीपित होणारे भाग काही अंशी जागे होतात आणि खेळाडू नाराज असूनही त्याची पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते, असे केंब्रिजमधील संशोधकांना २००९ मध्ये आढळले.

अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार पूर्वी चोरीच्या अनावर ऊर्मीसारख्या विकारांशेजारी होता. २०१३ मध्ये तो दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत आला. हा निव्वळ चारित्र्याचा दोष मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: पार्किन्सनसाठी (कंपवातासाठी) डोपामाइन या मेंदूतील रसायनासारखे काम करणारी काही औषधे घेताना, आधी कधी जुगार न खेळलेले काही रुग्णही त्याच्या आहारी जातात आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर त्यांतील अनेकांची ती ओढ ओसरते.

निदानासाठी नऊ लक्षणांपैकी किमान चार, बारा महिन्यांच्या काळात दिसावी लागतात. किती पैसे गेले याला त्यात फारसे महत्त्व नाही. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी दुसऱ्याच दिवशी पुन्हा बसणे, पूर्वीइतकी झिंग येण्यासाठी रक्कम वाढवणे, थांबायचे ठरवले की चिडचिड होणे, देणी भागवायला इतरांपुढे हात पसरणे, ही त्यांतली ठळक. प्राथमिक चाचपणीला दोनच प्रश्न पुरतात: अधिकाधिक रक्कम लावावीशी कधी वाटली का, आणि किती खेळतो याबद्दल जवळच्यांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

‘एवढे शेवटचे’ म्हणून घरची माणसे दागिने मोडून त्याचे कर्ज फेडतात; माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथेच होते, कारण उपचाराविना मोकळा झालेला हात पुन्हा डावाकडेच वळतो. बँकेचे व्यवहार काही काळ विश्वासू माणसाकडे सोपवावेत आणि मनोविकारतज्ज्ञाची भेट घ्यावी. ‘हरलेले परत मिळेलच’ यासारखे समज तपासून बदलणारी विचार-वर्तन उपचारपद्धती उपयोगी ठरते. काहींना ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधेही दिली जातात. कर्जापायी जीव देण्याचे विचार येत असतील, तर क्षणभरही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीतही बोलता येते आणि खेळणारा तयार नसला तरी घरच्यांना तिथे सल्ला विचारता येतो.