साधी सिस्टीम म्हणजे कमकुवत सिस्टीम नव्हे

सांगलीत कॉम्प्युटर घ्यायला गेलं की एक सल्ला वर्षानुवर्षं कानावर पडतो: लिनक्स (विंडोजसारखीच, कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम) साधं आहे, जुन्या मशीनला ठीक, मोठ्या कामाला झेपायचं नाही. हे खरं नाही. हे ऐकून कॉलेजची पोरं ते शिकायचंच टाळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान 500 महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. अँड्रॉइडचा गाभाही तोच.

हा साधेपणा युनिक्समधून आला, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बेतलं त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधून. 1969 मध्ये बेल लॅब्ज ही अमेरिकन संशोधनसंस्था मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अवाढव्य प्रकल्पातून बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्पसन, डेनिस रिची यांनी पीडीपी-7 या छोट्या संगणकावर युनिक्स उभं केलं. 1973 मध्ये त्यात पाइप आला: एका प्रोग्रामचं उत्तर थेट दुसऱ्याच्या हातात. लिहिताना दोघांमध्ये फक्त एक उभी रेघ.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची साधी टेक्स्ट फाइल घ्या, दर ओळीत फक्त खरेदीदाराचं नाव. कुणी किती सौदे केले? 'सॉर्ट' हा छोटा प्रोग्राम एकसारखी नावं एकाखाली एक आणतो. उभ्या रेघेपलीकडच्या 'युनिक' या दुसऱ्या प्रोग्रामला मोजायला सांगितलं, की तो लागोपाठच्या सारख्या ओळींची एक ओळ करून पुढे आकडा टाकतो. पहिली पायरी गाळली तर हिशेब चुकतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा. यातल्या कुठल्याच प्रोग्रामला हळद ठाऊक नाही. म्हणूनच ते द्राक्षांनाही चालतात.

साधं म्हणजे आकाराने लहान, असंही नाही. लिनक्सच्या गाभ्याचा कोड आज कोट्यवधी ओळींचा आहे.