पेंडीच्या पोत्यातून दुधात

दुधातली भेसळ म्हटलं की आपल्याला पाणी, युरिया, डिटर्जंट आठवतात. पण अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा भेसळीमुळे असुरक्षित ठरले अवघे १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होतं.

हे विष दुधात कुणी घालत नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी ओलसर मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. यकृताचा कर्करोग घडवणाऱ्या ज्ञात नैसर्गिक विषांमध्ये ते सर्वांत घातक मानलं जातं. गाय-म्हैस ते खाते, तिचं यकृत त्याचं एम-१ मध्ये रूपांतर करतं आणि दिवसभरातच ते दुधात उतरतं. एम-१ बी-१पेक्षा सौम्य असलं, तरी तान्ह्या-लहान मुलांच्या आहारात दुधाचा वाटा मोठा असतो, म्हणून त्याची काळजी करायलाच हवी.

भारतातली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरभर दुधात जेमतेम ५ मिलिग्रॅम! युरोपात ती याच्याही एक दशांश आहे. आता गोठ्यातला हिशेब मांडू. खाद्यातल्या बी-१पैकी साधारण १ ते २ टक्के दुधात एम-१ म्हणून येतं, जास्त दूध देणाऱ्या गायींत याहूनही अधिक. किलोला १०० मायक्रोग्रॅम बी-१ असलेलं ५ किलो खाद्य गायीने खाल्लं, तर तिच्या पोटात ५०० मायक्रोग्रॅम गेले. त्यातले २ टक्के, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, १० लिटर दुधात उतरले, की लिटरला १ मायक्रोग्रॅम झाला. मर्यादेच्या दुप्पट. त्याच खाद्यात २० मायक्रोग्रॅम असते, तर हेच दूध निर्धास्त पास झालं असतं.

घरी दूध कितीही उकळलं तरी एम-१ जवळजवळ तसंच राहतं. पाश्चरायझेशनलाही ते दाद देत नाही. शिवाय ते दुधातल्या केसिन प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पनीर-चीजमध्ये त्याचं प्रमाण मूळ दुधापेक्षा वाढतं.

म्हणून खरा उपाय खाद्यातच करावा लागतो. मका साठवण्याआधी ओलावा १३-१४ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवायचा. पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळ्यांवर रचायची. पावसाळ्यात पेंड लागेल तेवढीच आणायची. आणि बुरशी लागलेली पेंड ‘माणसांना नाही ना खायची’ म्हणून गव्हाणीत टाकायची नाही. वरची बुरशी झटकली तरी विष आत राहतं. खाद्यात बेंटोनाइटसारखी माती मिसळली, तर ती पोटात अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवते आणि बरंचसं शेणावाटे बाहेर जातं. युरोपीय संघाने २०१३ मध्ये तिला यासाठी मान्यता दिली. तरीही सडक्या खाद्याला हा पर्याय नाही.

दिलासा एवढाच, की दूषित खाद्य बंद केलं की तीन-चार दिवसांत दुधातलं एम-१ झपाट्याने खाली येतं. पण संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या उरलेल्या घन घटकांवर) ठरतो. चांगल्या, कोरड्या खाद्यासाठी शेतकऱ्याने मोजलेले जादा पैसे त्यात कुठेच दिसत नाहीत. माझ्या मते डेअऱ्यांनी आधी पशुखाद्याची प्रत्येक खेप तपासावी आणि कमी अफ्लाटॉक्सिनच्या दुधाला लिटरमागे वाढीव दर द्यावा.